जोर कशाला?

दात घासायचा ब्रश एकदा भर दुपारी, निवांत उजेडात बघावा. सकाळी डोळे उघडलेले नसतात, रात्री मिटत आलेले असतात, त्यामुळे एरवी त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. केस चारी दिशांना पिसारलेले, मधे टक्कल, मुळाशी वाळलेल्या पेस्टचा पांढरा थर. मालकाचा स्वभाव त्यात सगळा उतरलेला असतो. ब्रश साधारण तीन महिन्यांनी बदलायचा असतो. तीनच आठवड्यांत केस बाहेर वळले, तर दोष बनवणाऱ्याचा नसतो. मनगटाचा असतो.

जोरात घासलं की जास्त स्वच्छ होतं, हा समज बहुधा भांड्यांवरून आला असावा. पण भांड्याला हिरडी नसते. दातांवर रोज बसणारा जिवाणूंचा थर मऊ आणि चिकट असतो, मऊ केसांच्या ब्रशने हलक्या हाताने निघतो. करवतीसारखा आडवा रेटा वर्षानुवर्षं दिला, की हिरडी मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्यासारखं टणक कवच नसतं. तिथे हळूहळू खाच पडते आणि एक दिवस गार पाण्याचा घोट थेट मेंदूपर्यंत जातो. मग निराळी टूथपेस्ट आणायची, म्हणजे स्वतःच्याच जोराचा दंड भरायचा. ब्रश मुठीत आवळण्याऐवजी पेनासारखा बोटांत धरला, तर तेवढा जोर लावताच येत नाही.

आता कोन. ब्रशचे केस दाताच्या मध्यावर नाही, तर दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर टेकवायचे, साधारण 45 अंश तिरके, हिरडीकडे रोख ठेवून. तिथल्या तिथे दोन-तीन दातांच्या टप्प्यात थरथरवल्यासारखं हलवायचं आणि पुढे सरकायचं. घासायचं एकूण दोन मिनिटं; तोंडाचे चार भाग धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. दोन मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. घड्याळ समोर ठेवून घासायला घेतलं की संपता संपत नाहीत. आणि त्यातलाही सिंहाचा वाटा आरशात दिसणाऱ्या पुढच्या दातांना जातो, ज्यांना तशी फार गरज नसते.

खरी गरज असते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. त्या लाळेतली खनिजं दातांवरच्या थरात मुरतात आणि त्याचं किटण होतं. एकदा दगड झाला, की कितीही घासा, घरी निघत नाही. दंतवैद्याकडेच जावं लागतं. म्हणून या आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा आणि टोकाच्या केसांनी एकेक दात वर ओढत साफ करायचा. दुसरी अडचणीची जागा म्हणजे सगळ्यात मागची वरची दाढ, गालाकडून. माणूस भला मोठा आ करतो, गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही. तोंड अर्धवट मिटून खालचा जबडा त्याच बाजूला सरकवला, की गाल सैल पडतो आणि ब्रश सुखाने मागे जातो.

दोन दातांच्या फटीत मात्र ब्रश पोचतच नाही. तिथे दातांसाठीचा धागा, म्हणजे फ्लॉस. हातभर, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि फटीत करवत न चालवता दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली फिरवायचा. पहिले काही दिवस रक्त येतं आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. रक्त आलं म्हणून ती जागा टाळायची, हे अगदी उलटं. हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, आणि ती सुजते साचलेल्या थरामुळे. हलक्या हाताने रोज साफ केलं, की आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकदा थांबतं. तरीही थांबलं नाही तर दाखवायला हवं.

पेस्टचं म्हणाल तर मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. ब्रशभर लाटेसारखी पसरलेली पेस्ट जाहिरातीतच शोभते. तीत फ्लोराइड आहे ना, एवढं वेष्टनावर बघावं. बाकी रंग, वास, थंडावा हा हौसेचा मामला. घासून झाल्यावर थुंकायचं आणि थांबायचं. खळखळून चार चुळा भरल्या, की ज्यासाठी पेस्ट घेतली ते फ्लोराइडच वाहून जातं. रात्री तर हे जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांची राखण करायला दुसरं कुणी नसतं. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर अर्धा तास जाऊ द्यावा. आम्लाने कवच तेवढ्यापुरतं मऊ पडलेलं असतं; लाळेला ते सावरायला वेळ द्यायचा.

ब्रशला टोपण घालणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. ओला ब्रश टोपणात कोंडला की वाळतच नाही, आणि ओल जिवाणूंना फार आवडते. झटकून, डोकं वर करून उघडा ठेवावा, दुसऱ्याच्या ब्रशला न टेकवता.

मिठाच्या गुळण्या तर जवळजवळ फुकट. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, त्याहून जास्त नको. घसा किंवा हिरडी ठणकत असेल तर आराम पडतो. पण आराम आणि इलाज यांत फरक आहे. तोंडातला फोड किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा तसाच राहिला, तर गुळण्या करत बसू नये, तपासून घ्यावं. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही.