तुरुंगातला बिशप अन् त्याचे पहारेकरी

नागपुरात बिशप म्हटलं की लोकांना शाळेची ॲडमिशन आठवते, बाकी काही नाही. मी ख्रिश्चन नाही, पण सध्या व्हिएतनामच्या एका बिशपबद्दल, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मगुरूबद्दल, वाचून राहिलो अन् तो माणूस काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

नाव फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हॅन थुआन. जन्म 1928, गाव हुए. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष दिएम हे त्यांचे सख्खे मामा, म्हणजे घराणं केवढं बघा. एप्रिल 1975 मध्ये पोपने त्यांना दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनचे पुढचे आर्चबिशप (तिथले मुख्य बिशप) नेमलं अन् आठवडाभरात सायगॉनच कम्युनिस्टांच्या हाती पडलं. 15 ऑगस्टला अटक. आपल्या सदरच्या चर्चमध्ये त्या दिवशी मारियाबाईचा सण असते, तोच दिवस. मग 13 वर्षं तुरुंग, खटला वगैरे काहीच नाही, त्यातली 9 वर्षं एकट्याची कोठडी.

सुरुवातीला नजरकैदेत होते तेव्हा एका सात वर्षांच्या पोराला म्हणाले, आईला सांग जुनी कॅलेंडरं पाठव. त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रात्री आपल्या लोकांसाठी थोडं थोडं लिहायचे, पोरगा घरी न्यायचा, भावंडं उतरवून काढायची, त्याचंच पुढे पुस्तक झालं. कोठडीत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-वाइनच्या प्रार्थनेला, वाइन कुठून आणणार, तर बाहेरून बाटली यायची 'पोटाचं औषध' अशी चिठ्ठी लावून, अन् हे तळहातावर तीन थेंब वाइन, एक थेंब पाणी घेऊन मिस्सा म्हणायचे. 

पण मला खरी मजा पहारेकऱ्यांची वाटली. आधी दर पंधरा दिवसांनी पहारेकरी बदलायचे, का तर हा बिशप त्यांना बिघडवेल. मग वरच्यांच्या ध्यानात आलं की अशानं सगळंच पोलीस खातं बिघडेल, त्यापेक्षा आहे तेच राहू द्या! आधी तोंडातून शब्द न काढणारे हे लोक नंतर त्यांच्याकडून फ्रेंच, इंग्रजी शिकायला लागले. एकजण तर लॅटिन गाणं पाठ करून सकाळी व्यायामाला जाताना जोरजोरात म्हणायचा, कम्युनिस्ट तुरुंगात, बोला आता.

एकदा त्यांनी पहारेकऱ्याला विजेच्या तारेचा तुकडा मागितला. तो घाबरलाच, त्याला वाटलं फाशी घेते की काय. यांनी सांगितलं, लाकडाचा छोटा क्रॉस केलाय, साबणात लपवून ठेवलाय, त्याला साखळी पाहिजे. काही दिवसांनी तोच तार अन् पक्कड घेऊन आला, अन् ड्युटी बदलायच्या आत दोघांनी बसून एकेक कडी वळवली.

1988 मध्ये सुटले, पण सायगॉनची गादी काही मिळाली नाही, 1991 पासून रोममध्येच राहिले. 2000 साली खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर प्रवचनं दिली, 2001 मध्ये कार्डिनल (पोपच्या खालोखालचा मान) झाले अन् 2002 मध्ये कॅन्सरनं गेले. कार्डिनल झाल्यावर सोन्याचा क्रॉस सहज घालता आला असता, पण गळ्यात तारेच्या साखळीतलाच असायचा.