बंद घरासाठी भागीदार शोधताना: एका कलमापाशी अडलेले काम

पडीक घर विकत घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या कामात घर शोधणे हीच मोठी अडचण असते, असे मला अनेकांनी सांगितले होते. नाशिकपुरते तरी ते खरे नाही. जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत आणि पंचवटीत कुलूप लागलेली घरे जागोजागी दिसतात, कारण मालकांची पुढची पिढी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात स्थिरावलेली असते आणि वारसांपैकी कोणालाच घराकडे फिरकण्याचे कारण उरलेले नसते. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते, तेव्हा हेच वारस घर काढून टाकायला तयार होतात. अवघड आहे ते भागीदार मिळवणे, आणि त्याहून अवघड आहे त्या भागीदारीचा कागद होणे. मी या कागदापाशी गणपतीपासून दिवाळीपर्यंत अडकून पडले होते. त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करते. भिंतीत ओल कोठून येते, सागवानी तुळई ठेवण्यासारखी आहे की बदलावी लागेल, माती-विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का धरत नाही, हे मला पाहताक्षणी सांगता येते. भांडवल मात्र माझ्याजवळ थोडेच होते. पंचवटीतील ज्या घरावर माझी नजर होती, त्याच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातील जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून मृत व्यक्तींची नावे होती आणि बांधकाम फार जुने होते. अशा घरावर बँकेचे कर्ज मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून पैसे घालणारे भागीदार हवे होते.

सुरुवातीला विचारणा केली ती ओळखीच्या निवृत्त मंडळींकडे. नाशिकरोडच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्यांपैकी काहींजवळ गुंतवण्यासारखी रक्कम असते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: “महिन्याला व्याज किती देणार?” येथे नवख्या माणसाने जपले पाहिजे. ठरावीक परताव्याचे वचन देऊन चार ठिकाणांहून पैसे गोळा करणे म्हणजे ठेवी स्वीकारणे होय, आणि अनियंत्रित ठेव योजनांना २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. भागीदाराने भागीदारी संस्थेत घातलेले भांडवल ही वेगळी गोष्ट आहे; त्यावर निश्चित व्याजाची हमी नसते, नफ्यातोट्यात वाटा असतो. हे स्पष्ट सांगितल्यावर अनेक जण मागे फिरले. त्यांचे मागे फिरणे मला योग्यच वाटले, कारण ज्यांच्या आयुष्याची सगळी पुंजी तेवढीच आहे, त्यांचे पैसे या कामात घेऊच नयेत.

उरले ते एक गृहस्थ. वडिलांच्या ओळखीचे असल्याने मी त्यांना काका म्हणते. त्यांनी घर पाहिले, हिशेब समजून घेतला आणि बहुतेक सगळे भांडवल घालण्याची तयारी दाखवली. नफा निम्मा-निम्मा ठरला. त्या भरवशावर मी वारसांना इसार (आगाऊ रक्कम) देऊन साठेखत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत घर विकत घेण्याचा करार, केले आणि वकिलांकडून भागीदारीच्या करारनाम्याचा मसुदा तयार करून घेतला. तेथून पुढे काम हलेना.

“अगं, कागद कशाला? आपण काही परके आहोत का?” हे काकांचे पहिले उत्तर होते. दुसरे उत्तर असे की, घर त्यांच्या एकट्याच्या नावावर घ्यावे, पैसे त्यांचे असल्याने ते रास्तच आहे, आणि विक्री झाली की माझा निम्मा नफा ते माझ्या हातावर ठेवतील. मी त्यांना समजावून सांगितले की, खरेदीखतावर ज्याचे नाव तो मालक. काकांना काही झाले, तर त्यांचे वारस मालक होतील आणि माझ्या मेहनतीचा कोणताही पुरावा माझ्याजवळ राहणार नाही. वडीलधाऱ्या माणसासमोर “तुम्हाला काही झाले तर” हे शब्द उच्चारणे किती जड जाते, ते मराठी घरात वाढलेल्या कोणालाही कळेल. काकू आतून म्हणाल्या, “असं अभद्र बोलू नये गं.” मसुदा टेबलावर तसाच राहिला.

मग पितृपक्ष लागला आणि त्यात कागद नको म्हणून थांबणे आले. नवरात्रात काका देवदर्शनाला गेले. दसऱ्याच्या मुहूर्तावर सही होईल असे ठरले होते, परंतु त्या दिवशी समजले की मसुदा पुण्याला मुलाकडे पाठवला आहे. तो परत आला तेव्हा त्यात एकच दुरुस्ती होती: “नफा व तोटा समान वाटून घेतला जाईल” या वाक्यातील “व तोटा” हे शब्द लाल शाईने खोडलेले होते.

त्या लाल रेघेचा मला जितका राग आला, तितका या सगळ्या काळात दुसऱ्या कशाचाही आला नाही. नफा हातात आल्यासारखे बोलायचे आणि घर पडून राहिले, दुरुस्तीत अंदाजाहून जास्त खर्च निघाला किंवा भाव उतरला, तर काय होईल हे लिहायचेच नाही, असा त्याचा अर्थ होता. शिवाय शब्द खोडल्याने तोटा नाहीसा होत नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १३ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदार नफा समान वाटून घेतात आणि तोट्यालाही समान जबाबदार असतात. त्याच कलमात असेही आहे की, करारात तसे लिहिलेले नसल्यास संस्थेचे काम पाहणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल मेहनताना मागता येत नाही. म्हणजे कोऱ्या सोडलेल्या जागी कायदा येऊन बसतो. मी विनामोबदला राबायचे आणि तोटा झाल्यास निम्मा माझ्या खिशातून भरायचा, अशी स्थिती होणार होती. हे मी काकांना कलम वाचून दाखवून सांगितले. ते म्हणाले, “तोट्याचं आधीच कशाला बोलायचं? काम शुभ आहे.”

या काळात साठेखताची मुदत संपत आली होती. वारसांपैकी सिन्नरला दिलेल्या बहिणीने मला फोन करून विचारले, “ताई, तुमचं नक्की आहे ना? आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय.” मुदतवाढीचा कागद मी त्यांच्याकडून लेखी करून घेतला आणि त्यासाठी इसाराची रक्कम वाढवून दिली. ती रक्कम माझ्या घरखर्चातून गेली, हे मी विसरणार नाही. लक्ष्मीपूजनापर्यंत होय किंवा नाही कळवावे, असे मी काकांना लिहून दिले. उत्तर आले नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मसुदा परत मागितला. त्यांच्याशी आजही बोलणे आहे, परंतु हा विषय आम्ही काढत नाही.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी होणाऱ्या भागीदाराला मसुदा देताना त्यावर उत्तराची तारीख घालावी, आणि ती तारीख साठेखताच्या मुदतीच्या बरीच आधीची असावी. सणवार, मुहूर्त आणि परगावी असलेल्या मुलांचा सल्ला यांना लागणारा वेळ आपल्याकडे गृहीत धरावाच लागतो.

पुढचे मात्र इतके सहज झाले की सांगण्यासारखे थोडेच आहे. ज्यांच्याबरोबर मी पूर्वीपासून कामे करत होते ते बांधकाम ठेकेदार भाऊ, आणि औषधांचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वहिनी, हे दोघे तयार झाले. वहिनींनी फाइल उघडण्याआधीच विचारले, “दोन वर्षं घर विकलंच गेलं नाही, तर माझ्या पैशांचं काय?” असा प्रश्न विचारणारा भागीदार मिळाल्याचा मला मनापासून आनंद झाला. भांडवल मुख्यतः वहिनींचे, काही भाऊंचे आणि थोडे माझे. मला देखरेखीचा दरमहा मेहनताना. तोटा भांडवलाच्या प्रमाणात. अंदाजापेक्षा खर्च वाढल्यास तिघांच्या लेखी संमतीशिवाय पुढचे काम नाही. कोणाला मधेच बाहेर पडायचे असल्यास त्याचा वाटा घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या दोघांचा. आणि कोणाचा मृत्यू झाला तरी संस्था चालू राहील. हे शेवटचे मुद्दाम लिहावे लागते, कारण एरवी भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. तोट्याची ही वाटणी आपापसांतली आहे, बाहेरच्या देणेकऱ्याला तिन्ही भागीदार पूर्ण जबाबदार असतात, हेही मी दोघांना आधीच सांगितले. ती जबाबदारी मर्यादित हवी असेल तर २००८ च्या कायद्याखाली एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) करता येते, मात्र तिची वार्षिक विवरणपत्रे सांभाळावी लागतात. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, तरी ती केली, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातले हक्क मिळवण्यासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही.

फाइलबद्दल आधी लिहायला हवे होते, ते आता लिहिते. भागीदारासमोर जाताना मिळकत पत्रिकेचा उतारा, वकिलांचा मालकीच्या मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल, घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि सर्व वारसांची यादी जवळ असावी. यादीत मुलींची नावे आहेत का, ते अवश्य पाहावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले; लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही नसलेले खरेदीखत पुढे अडकते. एकट्या भावाचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, कारण कुटुंबाच्या राहत्या घराचा असा हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. एखाद्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर त्याला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते, म्हणून कुलूप कोणाचे आहे याची शेजारी चौकशी करावी. गोदाकाठाजवळचे घर असल्यास पूररेषेचा नकाशा पाहावा. २००८ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरले होते हे नाशिककरांना सांगायला नको, आणि निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत.

घर थेट संस्थेच्या नावावर घ्यावे. एकाच्या नावावर घेऊन नंतर ते भांडवल म्हणून संस्थेत आणले, तर मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते. तसेच संस्थेच्या वतीने स्थावर मिळकत घेण्याचा किंवा विकण्याचा अधिकार भागीदाराला आपोआप मिळत नाही. भागीदारी कायद्याच्या कलम १९ ने तो वगळलेला आहे. म्हणून खरेदी आणि विक्री या दोन्ही वेळी कोणी सही करायची, ते करारनाम्यात नावानिशी लिहावे. आमच्या करारनाम्यात ते होते. घराची विक्री ठरली तेव्हा खरेदीदाराच्या वकिलांनी सर्वांत आधी तेच कलम मागितले, ते वाचले आणि दस्ताची तारीख तेथेच नक्की केली.