दुधाच्या पिशवीतली वीज

कोकणातल्या अंगणात लग्नकार्य उरकलं की आंब्याच्या फांदीवर एखादी वायर हमखास मागे राहते. बल्ब-होल्डर परत गेलेले असतात. जॉइंटवर काळी चिकटपट्टी, आणि पावसाची सोय म्हणून वरून दुधाची रिकामी पिशवी, सुतळीने आवळलेली. पुढच्या पूजेला 'वायर आहेच की' म्हणून तीच पुन्हा चालू होते. वायरमनदादांना विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "वहिनी, काय होत नाय."

मेपर्यंत खरंच काही होत नाही. पण रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पिशवीत पाणी शिरतं आणि तिथेच साचून राहतं.

म्हणून आमच्या अंगणात दिवे लावायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला: २३० व्होल्टनी उंबरठा ओलांडायचा नाही. पडवीच्या कोरड्या भिंतीवर १२ व्होल्टचा ड्रायव्हर, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारा डबा. तोही इनपुट आणि आउटपुट आतून वेगळं ठेवणारा. स्वस्तातला, नाव-गाव नसलेला नको. बाहेर जाईल ती फक्त १२ व्होल्टची केबल. उद्या अळू खणताना कुदळ लागलीच, तर दिवे जातील, माणूस नाही.

या हट्टाचे पैसे मोजावे लागतात. ३६ वॉटचे दिवे २३० व्होल्टवर जेमतेम ०.१६ अँपिअर ओढतात. १२ व्होल्टवर तेच ३ अँपिअर होतात. वायर बारीक घेतली की एवढ्या करंटला वाटेतच व्होल्टेज पडतं: पायरीजवळचा दिवा झकास आणि विहिरीकडचा आजाऱ्यासारखा. दादा म्हणाले, दिवा खराब आहे, बदलून आणा. दिवा चांगला होता. वायर जाड घेतली आणि तो सुधारला.

खोक्यावर आयपी ६५ असं छापलेलं असतं, म्हणजे दिवा धूळ-पाण्यापुढे किती टिकतो त्याचा आकडा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५वाला पाण्याची धार सोसतो, पण बुडून राहणं त्याच्या करारात नाही. जमिनीत पुरायचा दिवा ६७चा लागतो. आणि हा आकडा दिव्याचा असतो, आपण केलेल्या जॉइंटचा नव्हे! केबल जॉइंटच्या बॉक्समध्ये खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून) घ्यावी आणि शिरण्याआधी तिला थोडा झोल द्यावा. ओघळ झोलापर्यंत येतो आणि तिथूनच खाली गळतो. पिशवीपेक्षा हे सोपं आहे, पण दादांना ते पटवायला चहाची दुसरी फेरी लागली.

उजेड कुठला, यावर घरात मतभेद. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. दुकानात ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा जास्त उजेडाचा वाटतो; अंगणात त्याने पेट्रोल पंप होतो. आम्ही ३००० चे पिवळसर घेतले. त्यांच्यावर किडे कमी येतात. किडे आले की बेडूक येतात आणि बेडकांच्या मागावर कोण येतं ते कोकणात सांगावं लागत नाही. मेअखेरीस काजवे दिसू लागले की तेही दिवे बंद. काजव्यांचं लग्न उजेडाच्या खुणांवर जमतं. आपण झगमगाट केला तर त्या खुणा दिसायच्या कुणाला?

राहिली घरातली बाजू. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात. तो जास्तीचा भार आणि शॉर्टसर्किट झालं की पडतो. माणसाच्या अंगातून जाणारी गळती त्याच्या खिजगणतीत नसते. त्यासाठी गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं. ते दाबलं की आमचं अख्खं घर गपकन बंद पडतं, टीव्हीसकट. सासूबाई आतून ओरडतात, "आज एक तारीख आहे का गं? मालिका संपल्यावर दाब की!"