तुम्ही विचारलंत म्हणून: एका कर्जाचं नवं-जुनं

गावाकडचे नातेवाईक आणि आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर (घराणं मूळचं मालवणकडचं) यांच्यामुळे तिथल्या बातम्या वाचू लागलेले मालवणकडचे मित्र मला हमखास एक प्रश्न विचारतात. ज्या फिअना फॉल पक्षाच्या राज्यात बँका बुडाल्या, त्याच्यावर लोकांनी पुन्हा विश्वास कसा ठेवला?

मला आधी 6 फेब्रुवारी 2013 ची रात्र आठवते. डब्लिनमध्ये येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे डॉल, मध्यरात्र उलटली तरी चालू होतं आणि राष्ट्राध्यक्ष कायद्यावर सही करायला रोमहून विमानाने परतत होते. कायदा होता बुडीत अँग्लो आयरिश बँकेचा उरलेला सांगाडा गुंडाळण्याचा.

2008 च्या सप्टेंबरात फिअना फॉलच्या सरकारने बँकांच्या देण्यांना सरसकट हमी दिली. 2010 मध्ये अँग्लो आणि आयरिश नेशनवाइड ही दुसरी बुडती संस्था वाचवायला तिजोरीत रोकड नव्हती, म्हणून त्यांना वचनचिठ्ठ्या, म्हणजे पुढे हप्त्यांनी पैसे देण्याची लेखी हमी, लिहून दिल्या. त्या सुमारे 31 अब्ज युरोंच्या होत्या आणि दर 31 मार्चला तीन अब्जांवर हप्ता. लोकसंख्या जेमतेम 46 लाख. 2011 च्या जानेवारीत माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर नव्या कराची ओळ उमटली, तेव्हा हे आकडे माझ्याही घरात आले. पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत फिअना फॉल 20 जागांवर आला.

31 मार्च म्हटलं की मला वडील आठवतात. सोसायटीचं कर्ज फिटलेलं नसायचंच, मार्चअखेर त्याचं नवं-जुनं व्हायचं. आयर्लंडच्या नव्या सरकारने त्या रात्री तेच केलं. उरलेल्या चिठ्ठ्या फाडून त्यांच्या जागी 25 अब्जांचे दीर्घ मुदतीचे रोखे आले. पहिली मुद्दल 2038 मध्ये, शेवटची 2053 मध्ये. मुद्दलातला एक युरोही माफ झाला नाही, पण हप्त्याचा गळफास सैल झाला.

आता विरोधी बाकांवर बसलेल्या फिअना फॉलने काय करायचं? कराराला नावं ठेवावीत, तर चिठ्ठ्या त्यांनीच लिहिलेल्या. पाठिंबा द्यावा, तर आपण केलेलं दुसऱ्याला निस्तरावं लागतंय हे सगळ्यांसमोर मान्य करणं आलं. पक्षाचे नेते मिहॉल मार्टिन 2008 च्या मंत्रिमंडळात स्वतः होते. पक्षाने विधेयकाच्या बाजूने मत दिलं. शिन फेन या दुसऱ्या विरोधी पक्षाने विरोधात. (2008 च्या हमीला सुरुवातीला शिन फेनचाही पाठिंबा होता. विरोध लेबर पक्षाने केला होता, आणि 2013 मध्ये करार करणाऱ्या सरकारात लेबरच होता. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण इथलेही पुष्कळ लोक विसरतात.)

मार्टिन यांनी आदल्या वर्षीच्या पक्ष अधिवेशनात माफी मागितली होती. तिचा माझ्यावर फारसा परिणाम झाला नाही, कारण हरलेल्याला माफी मागावीच लागते. त्या रात्रीच्या मताचा झाला. ओरडणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या, पण ते ओरडले नाहीत. त्याच महिन्यातल्या एका जनमत चाचणीत पक्ष पहिल्या क्रमांकावर दिसला, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या आयरिश मैत्रिणी संतापल्या. त्यांचा राग मला पटत होता. एकीची नोकरी गेली होती, दुसरीचा भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला होता. एका शहाण्या मताने ते भरून निघत नाही, आणि लोक करांनी इतके कावले होते की त्या चाचणीतला बराच भाग सरकारवरचा राग होता, असं मला अजूनही वाटतं.

2016 मध्ये पक्ष 44 जागांवर पोहोचला. 2020 मध्ये मार्टिन पंतप्रधान झाले, तेही जुन्या प्रतिस्पर्धी फिना गेलशी, म्हणजे वराडकरांच्या पक्षाशी, हातमिळवणी करून.

मग तू त्यांना मत दिलंस का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. इथे मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. 2016 मध्ये आयरिश नागरिक म्हणून मी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली. फिअना फॉलच्या उमेदवारापुढचा चौकोन कोरा सोडावा असं आधी वाटलं होतं. थोडा वेळ थांबले आणि तिथे 4 लिहिलं.