इनामगावची झोपडी कागदावर उभी करताना

उत्खननातून घराचा फक्त तळ हाती लागतो. इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्राला मात्र छप्पर लागतं, अंगणात माणसं लागतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेलं इनामगाव घेऊ. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं.

आधी काळ पक्का करा. इथली घरं जोर्वे संस्कृतीची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची, आणि तिचे दोन टप्पे आहेत. पूर्व जोर्वे (इ.स.पू. 1400 ते 1000) असेल तर ऐसपैस चौकोनी घरं, उत्तर जोर्वे (इ.स.पू. 1000 ते 700) असेल तर मुख्यतः गोल झोपड्या. दोन्हींची सरमिसळ केलीत तर चित्र कुठल्याच काळाचं राहत नाही.

खांबांचे खळगे आराखड्यावरून जसेच्या तसे उतरवा. ते वेडेवाकडे असले तर तसेच राहू द्यात, ओळीत बसवू नका. लिंपणाच्या ढेकळांवर कामट्यांचे ठसे असले तर कुडाची जाडी कळते. भिंतीची उंची नाही कळत. गवती छपराला उतार 45 अंशांच्या आसपास द्यावा, फार सपाट केला तर पाणी मुरतं. म्हणजे 3 मीटर व्यासाच्या झोपडीचा शेंडा भिंतीच्या माथ्यापासून दीड मीटर वर येतो. हे गणित टाळलं की दारात मावणार नाही असा माणूस अंगणात उभा राहतो.

भांड्यांचं काम जास्त खात्रीचं. खापराचा काठ सपाट काचेवर पालथा टेकवून पुढे-मागे कलवायचा. खालची फट मिटली की तो भांड्याचा मूळ कल. मग समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठ जुळवून व्यास घ्यायचा. वर्तुळाचा 5 टक्क्यांहून कमी काठ उरला असेल तर त्या व्यासावर विसंबू नये. जोर्वेचं तोटीचं लाल भांडं आणि त्यावरची काळी भौमितिक नक्षी मिळाली की अंगण ओळखू येतं. साठवणीला पेव आणि कणगी दाखवा.

फजिती होते ती परसात. वाळत घातलेल्या मिरच्या, मक्याची कणसं, झेंडू, फड्या निवडुंग हे सगळं अमेरिकेतून फार उशिरा आलेलं, गुलमोहर मादागास्करचा. त्याऐवजी जव आणि मसूर पेरा. कपड्यांचा पुरावा तुटपुंजा, म्हणून माणसं लांबवर किंवा पाठमोरी काढलेली बरी. संपादकांना चेहरे हवे असतात, ही वेगळी कटकट.

शेवटी शाई. चित्र निम्म्या आकारात छापणार असतील तर 0.2 मिमीची रेघ 0.1 होते आणि छपाईत तुटते. दाट ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग पडतो. बारीकातली बारीक रेघ 0.3 ठेवा.