अर्ध्या आण्याचं कव्हर: शक लागला, हत्ती अजून दिसत नाही

हे कव्हर म्हणजे अर्ध्या आण्याचं तिकीट लावून टपालाने गेलेलं एक मोडी पत्र. प्रश्न असा की तिकिटाच्या कागदात हत्तीच्या डोक्याचं वॉटरमार्क, म्हणजे कागद करतानाच त्यात उमटवलेली फिकट खूण, आहे की नाही. मागच्या नोंदीत पत्राच्या शकाचा जो शेवटचा आकडा अडला होता, तो सुटला. पत्राच्या शेवटची ओळ आता पूर्ण लागते: 'मिती मार्गशीर्ष वद्य ५ शके १७८७ क्रोधननाम संवत्सरे'. आकड्याकडे नुसतं बघून ते सुटलं नसतं. बोरूच्या फटकाऱ्यात ७ ची शेपटी घडीवर आली आहे आणि घडीवरची शाई उडाली आहे, म्हणून तो १ सुद्धा वाचता येत होता. १७८१ म्हणजे १८५९-६० आणि १७८७ म्हणजे १८६५-६६. या कव्हराचा सगळा प्रश्न त्या सहा वर्षांवर लटकलेला होता.

संवत्सराच्या नावाने वाट मोकळी केली. दक्षिणेकडच्या गणनेत शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं आणि उरेल त्या क्रमांकाचा संवत्सर घ्यायचा. १७८७ ला बाकी ५९, म्हणजे क्रोधन. १७८१ ला बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. ही दोन नावं मोडीत कितीही घाईने लिहिली तरी एकमेकांसारखी दिसणार नाहीत. क्रोधन आणि क्रोधी यांत मात्र गल्लत होते. तरी आपल्या काळाजवळचा क्रोधी शके १७६६ चा, म्हणजे १८४४-४५ चा. तेव्हा हिंदुस्थानात तिकिटंच नव्हती, त्यामुळे तो आपोआप बाद. ज्यांच्याकडे मोडी पत्रं आहेत त्यांनी शकाचा आकडा सोडून आधी संवत्सर वाचावा, कारण आकडा फसवतो तिथे नाव सहसा तारून नेतं. फक्त मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या पत्रांना ही रीत लावू नका. तिथे विक्रम संवत असतो, आणि गुजराती पेढ्यांचं वर्ष कार्तिकात बदलतं.

तर पत्र डिसेंबर १८६५ च्या पहिल्या पंधरवड्यातलं. आता खरी अडचण. निळं अर्धा आणा, 'ईस्ट इंडिया पोस्टेज', १४ परफोरेशन, म्हणजे दोन सेंटिमीटरला १४ दातऱ्या. बिनवॉटरमार्कचं तिकीट १८५६ ते ६४ मधलं, हत्तीच्या डोक्याचं वॉटरमार्क १८६५ पासून. तारीख लागली की तिकीट ठरलं, असं वाटत होतं, पण तसं होत नाही. छोट्या टपालघरांत जुना साठा संपेपर्यंत विकला जायचा, त्यामुळे १८६५ च्या डिसेंबरात दोन्ही शक्य आहेत. शके १७८१ निघाला असता तर बिनहत्ती म्हणून तिथेच मिटलं असतं. ७ निघाल्यामुळे काम वाढलं आहे.

बाकीच्या तपासण्या लवकर उरकल्या. डाय, म्हणजे तिकिटाच्या चित्राचा मूळ साचा, पहिला आहे. दुसरा डाय १८७३ चा आणि त्यात तोंडाजवळच्या रेषा वेगळ्या, म्हणजे मागाहून चिकटवलेल्या तिकिटाची एक शक्यता गेली. शिक्क्याच्या चार रेघा तिकिटावरून कागदावर उतरल्या आहेत, आणि दहापट भिंगातून पाहिलं तर दातऱ्यांच्या खाचांतही शाई सलग जाते. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली कुठेही निळसर चकाकी नाही, म्हणजे चकाकणाऱ्या आधुनिक कागदाची डागडुजी नाही. वजन २.६ ग्रॅम. अर्ध्या आण्याची मर्यादा पाव तोळा, म्हणजे २.९ ग्रॅम, तेव्हा दरही जुळतो. पावसाळ्यात हाच कागद दमट होऊन जड भरतो, म्हणून वजन कोरड्या दिवशी करावं आणि काटा ०.०१ ग्रॅमचा असावा. 

राहिला हत्ती. तिकीट पाण्यात सोडवायचा विचारसुद्धा नको. काजळाची शाई पसरेल आणि कव्हर संपेल. स्पिरिटही नको, मागच्या लाखेच्या मोहरेला ते विरघळवतं. बेन्झिनने शाई हलत नाही, पण पत्राच्या कागदातला जुना तेलकटपणा सरकून कडेला वलय धरतो, म्हणून तेही बंद. उरतो तो उजेड.

तिरपा उजेड, दहा-पंधरा अंशांवरून, चारही बाजूंनी देऊन झाला. सुट्या तिकिटावर यात सोंड आणि कान छान उठतात. इथे उठतात त्या खालच्या हातकागदाच्या छापरीच्या, म्हणजे कागद गाळायच्या चौकटीच्या, रेघा, सेंटिमीटरला सात-आठ, आणि त्या तिकिटाच्या पृष्ठभागापर्यंत जाणवतात. एका कोनातून सोंड दिसल्याचा भास झाला. पत्र नव्वद अंशांत फिरवलं तर ती 'सोंड' छापरीच्याच रेघांना समांतर निघाली.

मग खालून उजेड. पत्र आधीपासून उलगडलेलं आहे, त्यामुळे तिकिटाखाली कागदाचा एकच थर येतो, हे नशीब. एलईडीच्या पाटीवर काळं कार्ड ठेवून त्यात तिकिटापेक्षा सगळीकडून १ मिमी लहान खिडकी कापली. ही खिडकी नसेल तर बाजूचा उजेड कॅमेऱ्यात घुसतो आणि सगळं धुवट होतं. छपाई निळी, म्हणून निळा फिल्टर. निळ्या उजेडात निळी शाई कागदात मिसळून जाते आणि राणीचं डोकं जवळजवळ नाहीसं होतं. इथवर रीत बरोबर चालली. बिघडलं ते डिंकामुळे. दीडशे वर्षांचा डिंक तपकिरी झालेला, आणि तपकिरी रंग निळा उजेडच खातो. राणी गेली आणि तिच्या जागी डिंकाचे ढग आले. लाल फिल्टर लावला तर ढग विरतात आणि राणी परत येते. शिक्क्याची काळी शाई दोन्हींत तशीच राहते.

कॅमेरा न हलवता लाल आणि निळी अशी दोन्ही छायाचित्रं घेऊन संगणकावर एकमेकांतून वजा केली. कानाच्या जागी एक फिकट कमान येते. ती बघून आनंद झाला, पण तिला हत्ती म्हणायची घाई नको. हे वॉटरमार्क तिकिटावर सरकलेलं असतं, उलटंही असतं, त्यामुळे 'कमान योग्य जागी आहे' हा पुरावाच होत नाही.

म्हणून उलट बाजूने सुरुवात केली: ही रीत हत्ती दाखवते का, हेच आधी तपासायचं. फाटक्या, दातऱ्या तुटलेल्या अर्ध्या आण्याच्या सहा सुट्या तिकिटांपैकी तीन हत्तीवाली, तीन बिनहत्ती. जुन्या चोपडीतल्या कोऱ्या हातकागदावर ती सुकीच ठेवली, दुसऱ्याकडून क्रम बदलून घेतला आणि तीच दोन छायाचित्रं काढली. सहापैकी पाच बरोबर ओळखता आली. चुकलेलं एक हत्तीवालं होतं आणि त्यावर शिक्का जाड होता.

तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रासाठी कव्हर पाठवायचा बेत इथवर पक्का होता. पण ही नोंद लिहिताना लक्षात आलं की चाचणीत डिंकच नव्हता. वॉटरमार्क म्हणजे कागदाचा पातळ भाग. डिंक त्या पातळ भागात भरतो आणि फरक बुजवतो. सुक्या तिकिटावर मिळालेले पाच गुण चिकटलेल्या तिकिटाबद्दल काहीच सांगत नाहीत. तेव्हा पाठवणं थांबवलं आहे. सहाही तिकिटं बाभळीच्या डिंकाने चिकटवायची, एक भाग डिंक आणि दोन भाग पाणी, पातळ थर, वजनाखाली दोन दिवस. तपकिरीपणा यावा म्हणून तीन तिकिटांच्या डिंकात चहाचं कडक पाणी. प्रत्येक तुकड्यावर मागे पेन्सिलीने 'चाचणी' लिहून ठेवायचं. असे तुकडे पुढे कुणाच्या हाती अस्सल म्हणून लागता कामा नयेत.

तोवर कव्हर पॉलिएस्टरच्या खिशात. या वेळी आलेल्या खिशांवर 'आर्काइव्हल' छापलेलं होतं, पण वास नव्या रेक्झिनसारखा. तांब्याची तार तापवून प्लॅस्टिकला टेकवली आणि परत ज्योतीत धरली, तर ज्योत हिरवी. क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. पूर्ण गठ्ठा बाजूला काढला. ही चाचणी खिडकी उघडून, संग्रहापासून लांब करावी, आणि दर नव्या गठ्ठ्याची करावी. एकाच विक्रेत्याचा माल गठ्ठ्यागणिक बदलतो.

पहिली तीन तिकिटं चिकटवून वजनाखाली आहेत, चहावाली उद्या. या सहांत हत्ती ओळखू आले तर ती कमान पुन्हा मोजायची, आणि मगच कव्हर पाठवायचं. नाही आले, तर यादीत 'निळं अर्धा आणा, वॉटरमार्क अनिर्णित, डिसेंबर १८६५' असंच लिहिलं जाईल.