जांभ्याचा एक्सआरडी

रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवायला लागले तेव्हा संशोधनाचा विषय शोधत मला लांब जावं लागलं नाही. चिरेखाणी आजूबाजूलाच होत्या. खाणीत ओला असताना जांभा सहज तासता येतो, वाऱ्या-उन्हात राहिला की घट्ट होतो. त्यात लोहाची नेमकी कोणती खनिजं आहेत, हे मला क्ष-किरणांनी पाहायचं होतं.

कॉलेजात एक्सआरडीचं, म्हणजे नमुन्यावर टाकलेले क्ष-किरण कोणकोणत्या कोनात परततात हे टिपण्याचं, यंत्र नव्हतं. तासिका, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी यांतून सवड मिळेल तसे नमुने अगेटच्या खलात मैद्यासारखे घोटायचे, पुड्यांवर खाण आणि खोली लिहायची, नि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. पहिला आलेख पाहून मन खट्टू झालं. सगळी रेषाच वर उचललेली आणि बारीक पीक, म्हणजे खनिजांची ओळख सांगणारे सुळके, तिच्यात बुडालेले.

कारण होतं जांभ्यातलं लोह. क्ष-किरण देणाऱ्या नेहमीच्या नळीत तांबं असतं, त्याच्या किरणांची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. लोहाच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उखडायला ७.११ पुरते. म्हणजे नमुना बरेचसे किरण गिळतो आणि स्वतःचे, ६.४ चे, चहूकडे फेकतो. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा ६.९३, त्या मर्यादेच्या जेमतेम खाली. तेवढ्याशा फरकाने लोह गप्प बसतं! कोबाल्टची नळी असलेली प्रयोगशाळा शोधण्यात, पत्रव्यवहारात, नंबर लागण्यात बराच काळ गेला. पण नवा आलेख आला तेव्हा लोहाची दोन खनिजं, गोएथाइट २४.७ अंशांजवळ आणि हेमाटाइट ३८.७ जवळ, स्वच्छ उभी होती. तांब्याच्या नळीवर हेच पीक २१.२ आणि ३३.२ जवळ येतात. नळी बदलली की कोन बदलतो, खनिजातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर तेच राहतं. कोन, किरणांची तरंगलांबी आणि हे अंतर यांना जोडणारं ब्रॅगचं १९१३ चं समीकरण मला खरं उमगलं ते इथे.

पुढे टी.वाय.च्या वर्गात मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावायचे. "मॅडम, दगड तोच ना?" हा प्रश्न यायचाच, आणि मला तोच हवा असायचा. मग मुलं पट्टी-पेन्सिल घेऊन पीक मोजायची, दोन्हींवरून थरांमधलं अंतर काढायची. गोएथाइटचं उत्तर दोन्हीकडे ४.१८ अँगस्ट्रॉम आलं की बाकावरची कुजबुज वाढायची. ज्यांच्या घरच्या भिंती त्याच चिऱ्याच्या, ती मुलं पुढच्या तासाला खिशातून तुकडे घेऊन यायची.

नमुना पाठवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: लोह जास्त असेल तर अर्जावर ते आधी लिहा, आणि नळी कोणती हे फोन करून विचारा.